गोचिडीचं औषध

समजा, तुम्ही पाण्याच्या टाकीमागे उकिडवे बसला आहात. गुडघे हनुवटीला टेकलेत, एका पायाला मुंग्या आल्यात, पण हलायचं नाही. तिथून परसातली दोरी दिसते. दोरीवर तुमच्या बाबांची पँट, शर्ट आणि मोजे टांगलेत, आणि तोंडाला फडकं बांधलेला, कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवलेला एक माणूस त्यांच्यावर कसलासा फवारा मारतो आहे. माणूस तुमचा काकाच आहे, पण तोंड झाकलं की घरचा माणूससुद्धा जरा परका दिसतो. काय येईल तुमच्या मनात?

भिंगरीच्याही मनात तेच आलं.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. घडीभर एका जागी ठरत नाही म्हणून आईनं ठेवलेलं. आज मात्र शाळेला सुट्टी असून ती केव्हाची टाकीमागे बसून होती.

काका गाड्यांना रंग मारायचा, त्यामुळे फवाऱ्यावर त्याचा हात बसलेला. पँटचा एक पाय वरून खाली, मग उलटून आतून, घोट्याकडच्या काठावर जरा जास्तच. कापड सारखं ओलं दिसलं की तो पुढच्या कपड्याकडे वळे. बाटलीवर लाल खूण होती. उंदराच्या औषधावरही असली खूण असते, हे भिंगरीला पक्कं ठाऊक होतं.

"टाकीमागे कोण आहे?" काका वळून न बघता म्हणाला.

भिंगरीनं श्वास रोखला.

"वेणी दिसतेय."

ती लंगडत बाहेर आली. "काय मारतोयस, काका?"

"औषध."

"कपड्यांना?"

"मोज्यांना खोकला झालाय. तू आधी वाऱ्याच्या त्या अंगाला हो बघू. आणि वाळेपर्यंत दोरीला हात लावायचा नाही."

"पण मग बाबा ते अंगात घालतील."

"म्हणून तर मारतोय," काका म्हणाला आणि मोजे उलटे करू लागला.

एवढंच बोलला. काकाचं बोलणं नेहमीच असं, चिमटीनं मीठ घातल्यासारखं.

भिंगरीचे बाबा डोंगरावरची झाडं मोजायला जायचे आणि ढब्बू त्यांच्या पुढे पुढे पळायचा. ढब्बू म्हणजे त्यांचा कुत्रा. अंगानं दांडगा, अकलेनं बेताचा. गेल्या वर्षी तिकडल्या गवतातली एक गोचीड बाबांना चावली आणि असा ताप भरला की दवाखान्यातून घरी आले तेव्हा त्यांचं घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत सरकायचं. गोचीड ढब्बूच्याच अंगावरून आली असणार, असं काकाचं म्हणणं. दवाखान्यात तो बाबांना म्हणाला होता, "दादा, घरात एक तर हा कुत्रा राहील, नाही तर तू. काय ते ठरव." भिंगरी तेव्हा बाकावर झोपेचं सोंग घेऊन पडली होती. बाबांनी भिंतीकडे कूस वळवली. त्यानंतर काकानं ढब्बूच्या डोक्यावरून एकदाही हात फिरवलेला तिनं पाहिला नव्हता.

आणि आज तोच काका गोड आवाजात म्हणत होता, "ये रे ढब्ब्या. ये इकडे."

ढब्बू शेपटी हलवत गेला. काकानं त्याला खांबाला बांधलं, खिशातून करंगळीएवढी नळी काढली, मानेमागचे केस फाकवले आणि नळी कातडीवर पिळली. जीभ पोचणार नाही अशा बरोबर जागी. ढब्बूनं त्याचे हातमोजे चाटायला तोंड पुढे केलं, तर काकानं ते बाजूला ढकललं.

मग त्याची नजर भिंतीवर बसलेल्या सुंठेकडे गेली. सुंठ ही मांजर. काका हातमोजे काढून, हात साबणानं धुऊन आला आणि तिला उचलून अडगळीच्या खोलीत ठेवून त्यानं कडी लावली. आत दूध होतं, पोतं अंथरलेलं होतं. सगळं आधीपासून ठरवलेलं दिसत होतं.

"तिला का कोंडलंस?"

"उद्यापर्यंत कुत्र्याजवळ जायला नको."

"का?"

"नको म्हटलं ना. तूही त्याच्या मानेला हात लावू नकोस. मी समोर गॅरेजात आहे, काही लागलं तर हाक मार."

आई कामावर, बाबा कचेरीत. भिंगरी पायरीवर ढब्बूसमोर बसली. थोड्या वेळानं ढब्बूनं मान वाकडी केली. मग पाठ खांबाला घासली. मग अंगभर शहारला आणि तिच्याकडे असा बघू लागला, जसं काही तिनंच काहीतरी केलंय.

काकाला हाक मारावी, तर हे केलं कुणी? काकानंच. आईला सांगावं, तर ती म्हणणार, भाऊजी असं कधी करतील का. मोठी माणसं मोठ्यांचंच ऐकतात.

खोलीतून सुंठ ओरडत होती. दाराच्या फटीतून तिचा पंजा बाहेर यायचा आणि जमिनीवर चाचपडायचा. ही दोघं जन्मापासून एकमेकांना चिकटून झोपणारी. भिंगरीनं मनाशी जुळवून पाहिलं. ढब्बूचं काहीतरी होणार, ते सुंठेला कळणार, ती घर डोक्यावर घेणार, म्हणून तिला आधीच आत टाकलंय. आणि खरंच काही झालं, तर ढब्बू एकटाच असणार, खांबाला बांधलेला.

ती उठली आणि तिनं कडी काढली.

सुंठ शेपटी उभारून थेट ढब्बूकडे गेली. रोजच्यासारखी त्याची मान चाटली, तोंड वाकडं केलं, पुन्हा चाटली आणि त्याच्या गळ्याशी वेटोळं करून पडली. ढब्बू शांत झाला. भिंगरीला बरं वाटलं. काकाचा एक डाव तरी तिनं उधळला होता.

मग दिवसभर तिनं ढब्बूवर नजर ठेवली. त्याचं नाक ओलं आहे का पाहिलं. पोट वर-खाली होतंय का पाहिलं. पाण्याचं भांडं दोनदा बदललं. तो झोपला की उठवायची आणि उठला की झोप म्हणायची. ढब्बूनं दुपारी नेहमीसारखं ताट चाटून पुसून साफ केलं, तरी तिचा संशय काही जाईना. विषं सावकाशीचीही असतात.

ऊन कलताना काका आला. हाताला निळा रंग तसाच होता. फाटकातच त्याचे पाय थबकले.

"ही बाहेर कशी?"

त्यानं सुंठेला उचललं. तिची हनुवटी लाळेनं भिजली होती आणि एक कान आपोआप फडफडत होता, माशी बसल्यासारखा. माशी नव्हती.

"भिंगरे, भांड्यांचा साबण आण. आणि कोमट पाणी. पळ."

सुंठेनं काकाच्या मनगटावर लांबलचक ओरखडा काढला. त्यानं तिला सोडलं नाही. मान, पाठ, पंजे, सगळं दोनदा धुतलं, टॉवेलात गुंडाळलं आणि तो दवाखान्याकडे चालू लागला. भिंगरी मागून पळत होती.

"ढब्बू मरणार आहे?"

"ढब्बूला काय होतंय? गोचिडीचं औषध आहे ते. कुत्र्यांसाठीच असतं."

"मग तो पाठ का घासत होता?"

"चुणचुणतं जरा."

"आणि बाबांचे कपडे?"

"तसलंच औषध, कपड्यांचं. वाळलं की माणसाला काही होत नाही. गोचीड तेवढी मरते." त्यानं टॉवेलातल्या सुंठेकडे पाहिलं. "मांजराला मात्र हे विष."

"मग सांगितलं का नाहीस?"

काकानं टॉवेल छातीशी घट्ट धरला. "सांगायला हवं होतं," तो म्हणाला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सुंठेच्या डोळ्यांत बॅटरी मारली, पाय ओढून सोडला.

"कुत्र्याचं औषध चाटलं?"

"हो. म्हणून कोंडलं होतं हिला," काका म्हणाला. "पण कडी माझ्याकडून नीट लागली नाही. जुनी झालीय. आत्ता घरी आलो तेव्हा पाहिलं, नुकतीच बाहेर आली असावी."

भिंगरीनं मान वर केली. कडी लावल्यावर काकानं दार ओढून पाहिलं होतं. ते त्याला आठवत नव्हतं, असं होणं शक्य नव्हतं. पण तो तिच्याकडे बघतच नव्हता. भिंतीवरच्या गाईच्या चित्राकडे बघत होता.

"नुकतीच असेल तर ठीक," बाई म्हणाल्या. "तुम्ही धुतलंत ते छान केलंत. कडू लागलं म्हणूनही लाळ गळते. एक सुई देते, घरी न्या. बराच वेळ झाला असता तर मात्र ठेवूनच घेतली असती. झटके सुरू झाले तर घरी काही करता येत नाही." त्यांनी सुई भरायला घेतली. "नक्की नुकतीच ना?"

"हो," काका म्हणाला.

टॉवेलाबाहेर सुंठेचा कान पुन्हा फडफडला.

भिंगरी स्टुलावरून उतरली. टेबल तिच्या गळ्याएवढं उंच होतं.

"नुकतीच नाही," ती म्हणाली. "सकाळी. काका गेल्यावर लगेच. कडी मी काढली."

बाईंचा हात थांबला. त्यांनी सुई ट्रेमध्ये ठेवली आणि आतल्या माणसाला पिंजरा तयार करायला सांगितलं. मग त्या वाकल्या.

"शाब्बास. आता नीट आठवून सांग. त्यानंतर ती किती चाटत होती? मधे थरथरली का? तोल गेला का तिचा?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी ढब्बूकडेच बघत होते."

सुंठेला आत नेलं, पिंजऱ्यात ठेवलं. काका दारात उभा होता. त्याच्या मनगटावरचा ओरखडा वाळत आला होता. "चल," तो हळूच म्हणाला, "आई वाट बघत असेल."

भिंगरीनं दोन्ही हातांनी स्टूल उचललं, ते पिंजऱ्यासमोर नेऊन ठेवलं आणि सुंठेकडे तोंड करून बसली.