झालरीचा रंग

माझ्या डोळ्यांनी दगा दिला तो मधोमध. कडेचं सगळं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं गायब होतं. डॉक्टर म्हणाला, आर्वेलाबाई, हे आता असंच राहणार, चष्म्याने काही व्हायचं नाही. मी म्हटलं, बरं. माझा नवरा क्लोव्हिस गेला तेव्हाही मी तेवढंच म्हटलं होतं, आणि दुसऱ्या आठवड्यात आमची बोट घेऊन केन फोर्क तळ्यावर मासे धरायला गेले होते.

पण माझा मुलगा डेन्टन, त्याला कुठलं पटायला. मार्चमध्ये मी बोट शेजाऱ्यांच्या लाकडी धक्क्यावर घातली, तेवढं निमित्त त्याला पुरलं. रविवारी चर्चमधून आल्यावर मी गरम, पावासारखी मऊ बिस्किटं आणि सॉसेज टेबलावर मांडलं, तर हा बसायचं सोडून दोन्ही हात पुढे करून उभा. दोन्ही हातांत एकेक स्पिनरबेट.

"आई, यातलं पांढरं कुठलं, सांग बघू."

स्पिनरबेट म्हणजे काही मोठं यंत्र नव्हे, माशाला फसवायचं खोटं आमिष. एक वाकवलेली तार, तिच्या एका टोकाला पाण्यात गरगरणारं पत्र्याचं पातं, दुसऱ्या टोकाला गळ, आणि गळ झाकायला रबरी दोऱ्यांची झालर. आमच्याकडच्या पुरुषांची निम्मी भांडणं त्या झालरीच्या रंगावरून होतात. मी डाव्या हाताकडे बोट दाखवलं. डेन्टन म्हणाला, दोन्ही काळी आहेत.

असा संताप आला म्हणून सांगू. स्वतःच्या आईची परीक्षा घेतो, आणि तीही लबाडीने! मी बिस्किटांची थाळी त्याच्यासमोरून उचलून ओट्यावर ठेवली. त्याने वर मलाच समजावलं, की जिला आमिषाचा रंग दिसत नाही तिने बोट ठेवून करायचं काय. गिऱ्हाईकही त्याने बघून ठेवलं होतं. प्रूइट नावाचा कोणी माणूस पुढच्या सोमवारी येऊन बोट नेणार होता.

"शनिवारी तळ्यावर स्पर्धा आहे," मी म्हटलं. "माझे मासे तुझ्यापेक्षा जड भरले तर बोट माझ्याकडे राहील. नाही भरले तर सोमवारी किल्ली मी स्वतः त्या प्रूइटच्या हातात देईन."

तो कबूल झाला. त्याला वाटलं असणार, म्हातारी दुपारपर्यंत दमेल आणि गोडीने विषय मिटेल. वाईट नाही हो पोरगा, पण भीतीपोटी माणूस किती मूर्खपणा करतो. जमिनीवर आता जो तो माझं कोपर धरतो. दुकानात धरतात, चर्चच्या पायरीवर धरतात, परवा तर स्वतःच्या अंगणात पोस्टमनने धरलं. बोटीवर माझं कोपर कोणी धरत नाही. मला तेवढी एकच जागा उरली होती, आणि ती घालवायची माझी मुळीच तयारी नव्हती.

बोट चालवायला मी माझी मैत्रीण नेल्डा हिला घेतलं. नेल्डाचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसतं. सकाळी धक्क्यावरच मी तिला बजावलं, की आज झालरीबद्दल एक अक्षर काढायचं नाही. रंग सांगून मला मदत केलीस, तर डेन्टनचंच खरं होईल. पेटीतली आमिषं मी बोटांनी चाचपून घेईन, तू फक्त बोट चालव, जाळं धर आणि मासा सोडव. ती म्हणाली, बाई गं, माझा जीव जाईल. मी म्हटलं, जाऊ दे.

दोन दिवसांपूर्वी वरच्या अंगाला धो धो पाऊस झाला होता. ओढ्याकडचं पाणी गढूळ, धरणाकडचं अजून नितळ. सगळ्या बोटी धरणाकडे पळाल्या. डेन्टनही तिकडेच गेला, आणि नेल्डाच्या आग्रहाखातर आम्हीही गेलो. नितळ पाण्याला लांबट, झाडाच्या पानासारखं पातं लावतात, ते फिरतं कमी आणि चमकतं जास्त. मीही तेच लावलं. पण त्याची थरथर इतकी बारीक, की मला हाताला काही कळेना. नेल्डा म्हणाली, मासा मागे आला, आला, अगं वळला. मला ना मासा दिसला, ना दोरा. सकाळ निम्मी सरली आणि मासे जिवंत ठेवायच्या बोटीतल्या टाकीत एकच मासा, तोही पोरगेलासा. डेन्टनने लांबून हात उंचावला आणि ओरडून विचारलं, आई, पाणी पितेस ना वेळेवर?

तेवढं पुरे झालं मला. मी नेल्डाला म्हटलं, वळव बोट, ओढ्याकडे चल.

"तिकडे कॉफीसारखं पाणी आहे. आपलं आमिष माशाला दिसायचं नाही."

"मलाही दिसत नाही. आमची जोडी जमेल."

पेटीत बोटं घालून मी सर्वांत मोठं गोल पातं शोधलं, पळीच्या तोंडाएवढं. हे पातं पाण्यात चमकण्याऐवजी धबधब करतं. गढूळ पाण्यात आमच्या तळ्यातल्या बास माशाला डोळ्यांचा उपयोग नसतो, तो कुशीवरच्या रेघेने पाण्यातला धक्का ओळखतो. मी आमिष बुडालेल्या ओंडक्यांशी टाकलं आणि अगदी सावकाश ओढायला लागले. धब, धब, धब. मनगटातून कोपरापर्यंत एकेक ठोका पोचत होता. कितीतरी दिवसांनी जगात काहीतरी मला स्पष्ट कळत होतं.

आणि ठोका थांबला.

ठोका थांबला म्हणजे पातं माशाच्या तोंडात गेलं. मी काठी अशी हिसडली की नेल्डाची टोपी पाण्यात गेली. पहिलाच मासा मांडीएवढा निघाला. मग दुसरा, मग तिसरा, तो तर ओंडक्याखालून बाहेरच येईना, आणि आला तो अर्धं तळं अंगावर उडवत. तिसऱ्यानंतर नेल्डाने "अगं" म्हटलं आणि तोंडावर हात दाबला. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही, तू टाक. मी गाठ तेवढी चाचपली, पक्की होती, टाकलं. त्यानंतर सगळ्यात मोठा लागला. त्याला जाळ्यात घेताना आम्ही दोघी बोटीच्या तळाशी बसलो आणि वेड्यासारख्या हसलो. वजनाला पाचच मासे चालतात, म्हणून पाचवा लागला तसा सकाळचा पोरगेला मी पाण्यात सोडून दिला.

वजनाला डेन्टन माझ्या आधी होता. त्याचे पाच मासे सोळा पौंड भरले, दिवसातले सगळ्यात जड. लोकांनी त्याची पाठ थोपटली. मग माझी पिशवी काट्यावर गेली, आणि काट्यावरच्या माणसाने आकडा दोनदा वाचला. एकोणीस पौंड आणि वर थोडं! पार्किंगमधल्या गाड्यांचे भोंगे वाजायला लागले. मी आयुष्यात पुष्कळ मासे धरले, पण त्या दिवशी मला उंच झाल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

लगेच घोळका जमला. सगळ्यांचा एकच प्रश्न, रंग कुठला होता? आमच्याकडे या प्रश्नाचं खरं उत्तर आजवर कोणी दिलेलं नाही. पिवळा म्हटलं की समजायचं पांढरा.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

सगळे खो खो हसले. इतकी सरळ थाप त्यांनी कधी ऐकली नव्हती म्हणे. डेन्टन मात्र हसला नाही. नेल्डा सोडली तर त्या गर्दीत मी खरं बोलतेय हे फक्त त्याला ठाऊक होतं. तो आमच्या बोटीपाशी गेला, काठीला लटकलेलं आमिष हातात घेतलं आणि उलटंसुलटं करून बघितलं.

"आई," शेवटी तो म्हणाला, "याला झालरच नाही."

मी हात पुढे केला. तार, पातं, उघडा गळ. झालरीचा एक दोरासुद्धा नव्हता.

"तिसऱ्या माशाने ओरबाडून नेली," नेल्डाने एकदाची वाफ सोडली. "झालरीबद्दल एक अक्षर काढू नकोस म्हणालीस ना? दोन मासे उघड्या गळावर धरलेस तू, आणि मी पोटात ठेवून बसले. अशी शिक्षा परत देऊ नकोस मला."

डेन्टनने खिशातून फोन काढला आणि माझ्यादेखत प्रूइटला लावला. बोट विकायची नाही, म्हणाला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "नाही," डेन्टन म्हणाला, "पुढच्या वर्षीही नाही." फोन ठेवून तो माझं कोपर धरायला आला, आणि मधेच थांबून त्याने आपला हात खिशात घातला.

मी म्हटलं, उद्या बिस्किटं खायला ये. येताना हात रिकामे असू देत.