पैलवानाचा पट्टा

मित्रांनो, मी बीपी मोजणारं एक जुनं यंत्र. कारखान्यात कसून तपासणी झाली, मग औषधांच्या दुकानातून मी एका म्हाताऱ्या शिंप्याच्या घरी आलो. त्याच्या बायकोला बीपी होतं. रोज सकाळी तो माझा पट्टा तिच्या दंडाला बांधे आणि आकडा मोठ्यानं वाचे.

"मी बरी आहे की नाही, ते आता हे खोकं सांगणार!" ती म्हणे. पण मला रोज पुसायचीही तीच.

वर्षं गेली आणि माझा पट्टा फाटला. शिंप्यानं शेजारच्या पैलवानाच्या बंद पडलेल्या यंत्राचा पट्टा मागून आणला. त्याच्या बायकोचा दंड म्हणजे नुसती काडी! पण हात पडला शिंप्याचा. त्यानं पट्ट्याची वेल्क्रोची चिकटपट्टी उसवली, आत घेऊन शिवली.

"बघ, कसा मापात बसलाय."

"माझा ब्लाउज कधी असा बसवला नाहीत!"

बाहेरून माप जमलं, आतली हवेची पिशवी मात्र पैलवानाचीच राहिली. माझे आकडे कमी येऊ लागले. ते चुकीचे आहेत हे सांगायला मला तोंड कुठे?

"झकास! आता अर्धी गोळी पुरे," शिंपी म्हणाला.

"अहो, डॉक्टरांना विचारा तरी."

"आकडा समोर दिसतोय की!"

पुढे तिचं डोकं जड राहू लागलं. "यंत्र नीट सांगतंय, तू उगाच मनाला लावून घेतेस," तो म्हणे. एका सकाळी भाजी चिरताना तिच्या हातातून सुरी गळली. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं.

दवाखान्यात त्यानं मलाच पुढे केलं. "यात तर रोज चांगलं येतं हो!"

नर्सनं पट्टा उलटसुलट पाहिला. "आजोबा, शिवण सुरेख आहे. पण पट्टा फार मोठा आहे, म्हणून बीपी कमी दिसायचं."

तो त्या शिवणीवरून नुसता अंगठा फिरवत राहिला.

आता ती घरी आली आहे. उजवा हात अजून उचलत नाही. योग्य मापाचा नवा पट्टा तो तिच्या डाव्या दंडाला बांधतो, बटण दाबतो आणि तोंड फिरवतो.

"आकडा?" ती कष्टानं विचारते.

"चष्मा सापडत नाहीये."

"डोळ्यांवरच... आहे."

मित्रांनो, माझा पट्टा दंडाच्या मापाचा ठेवा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी कमी करू नका. आणि घरातलं म्हातारं माणूस "बरं वाटत नाही" म्हणालं, तर माझ्याकडे नंतर बघा, आधी त्याच्याकडे बघा.