मोजणीत न आलेली गोष्ट

मी एक जुना लॅपटॉप. आधीच सांगून ठेवतो, माझ्या आठवणीवर फार भिस्त ठेवू नका. मध्यंतरी माझी डिस्क बदलली. नगरच्या दुकानातल्या ओंकारने जुन्या डिस्कवरचं नवीवर उतरवलं आणि "सगळं आलंय बघा" म्हणत मला मिटलं. आलं असेलही. पण जे आलं नाही, ते आलं नाही हे मला कसं कळणार? तेव्हा पुढचं सगळं बहुधा असंच घडलं, असं धरून चाला.

माझी पहिली तीन वर्षं पुण्यातल्या एका कचेरीत गेली. ती जवळजवळ पुसलीच गेली आहेत. तिथल्या जुन्या मालातून जालिंदर सरांनी मला नगरला आणलं. सर समाजशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांना ग्रंथ लिहायचा होता. त्याची प्रस्तावना त्यांनी माझ्यावर अकरा वेळा लिहिली. आधी 'असे आहे' लिहीत, मग ते खोडून 'असे मला वाटते', आणि शेवटी 'असे वाटण्याची शक्यता आहे'. ग्रंथ प्रस्तावनेतच राहिला. संशय घेण्याची माझी सवय त्यांच्याच बोटांतून आली असावी.

मग मी त्यांच्या नातीकडे, रश्मीकडे गेलो. रश्मी नागापूरच्या एका वर्कशॉपमध्ये तपासणीच्या टेबलावर काम करते. तिथला नियम असा, की एकीने माप घ्यायचं आणि दुसरीने ते मोठ्याने वाचून 'पास' किंवा 'रिजेक्ट' म्हणायचं. एकटीच्या शब्दावर एकही भाग बाहेर जात नाही. ती दुसरी म्हणजे सोनईची सीमा. दोघींचं टेबल एक, बस एक, डबाही एकच.

सुट्टीच्या दिवशी रश्मी माझ्यावर गोष्टी लिहायची. साडेसातला लागणारी एक मालिका तेव्हा संपून गेली होती, पण तिच्यातली माणसं रश्मीला सोडवत नव्हती. त्यांचं पुढे काय झालं ते ती लिहायची आणि एका साइटवर टाकायची. तिथे तशाच शेकडो जणी होत्या. कुणी पाथर्डीची मास्तरीण, कुणी श्रीरामपूरची नर्स. मी थक्क झालो. कचेरीत मी फक्त आकडे पाहिले होते. संपलेल्या गोष्टीला इतक्या बायका मिळून जिवंत ठेवतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

इथेही टेबलावरचाच नियम चाले. रश्मीने लिहायचं आणि दर रविवारी दुपारी सीमाने येऊन माझ्यावरून मोठ्याने वाचायचं. मगच गोष्ट बाहेर. सीमा सगळ्यांचे आवाज काढून वाचायची. स्वयंपाकघरातून रश्मीची आई बनुबाई कान देऊन असायच्या.

"त्या मेल्या दिराला हाण की एकदा!" त्या तिथूनच ओरडायच्या.

"पुढच्या रविवारी हाणते, मावशी. या रविवारी त्यो आजारी हाय," सीमा म्हणायची.

रश्मीच्या सर्वांत लाडक्या गोष्टी मालिकेतल्या इन्स्पेक्टरच्या आणि त्याच्या डॉक्टर मित्राच्या. तिच्या लिखाणात ते दोघे एकमेकांच्या प्रेमात होते. बनुबाई म्हणाल्या, "बरं हाय की. एकमेकाला जपत्यात तरी." जालिंदर सर मात्र चकित झाले आणि वही घेऊन मोजायला बसले. आठ दिवस ते माझ्यासमोर होते.

"रश्मी, या मालिकेवर चारशे बारा कथा आहेत. दोन पुरुषांच्या प्रेमाच्या एकसष्ट. दोन स्त्रियांच्या प्रेमाच्या फक्त तीन. लिहिणाऱ्या तर बहुतेक स्त्रियाच. माझी मोजणी चुकली का?"

"नाही चुकली, आजोबा. मालिकेत दोन बायका एका खोलीत आल्या की भांडतात, नाहीतर पुरुषाबद्दल बोलतात. आम्ही धागा कुठून पकडायचा?"

"जाऊ, नणंद, सवत, विहीण," सर पुटपुटले. "प्रत्येक नातं एका पुरुषावरूनच पलीकडे जातं. खरं आहे. पण एवढंच कारण असेल का?"

"नसेल." रश्मी माझ्या पडद्याकडे बघतच म्हणाली, "दोन पुरुषांचं लिहिलं, की ही तू आहेस का, असं कुणी विचारत नाही."

सरांनी ते वाक्य वहीत उतरवलं. पुढे सवयीप्रमाणे प्रश्नचिन्ह घातलं. थोड्या वेळाने ते खोडलं. सरांनी खोडलेलं प्रश्नचिन्ह मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात रश्मीने मालिकेतल्या दोन जावांची गोष्ट लिहिली आणि कुणी उघडू नये म्हणून 'गेज कॅलिब्रेशन' अशा वर्कशॉपमधल्या कामाच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली. त्यातली थोरली जाऊ हसताना मनगटाच्या मागच्या बाजूने तोंड झाकायची, हात तेलकट असल्यासारखी. तसं हसणारी बाई मी एकच पाहिली होती. ती रविवारी येणार होती आणि नियमाप्रमाणे वाचणार होती. तिला ते आवडलं नाही तर टेबल, बस, डबा, सगळंच संपणार होतं. रश्मीने शनिवारी तीनदा फाइल पुसायला घेतली. पुसली नाही.

रविवारी सर खुर्चीत डुलक्या घेत होते. आत बनुबाईंचा मिक्सर थांबून थांबून फिरत होता, शेंगदाण्याची चटणी. सीमाने माझ्यासमोर मांडी घातली.

"काय गं, तोंड का पडलंय? इन्स्पेक्टरला मारलंस का काय?"

"वाच तू."

ती वाचू लागली. दोघी जावा गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या. मग ते वाक्य आलं. धाकटी म्हणते, 'घरातल्या सगळ्यांना तुमचा हात कामाला हवा असतो. मला तो नुसता धरायचा आहे.'

सीमाचे डोळे तिथे थांबले. आणि तिचा आवाज म्हणाला, "मग धाकटी म्हणाली, जाऊबाई, तुमच्या भावाची तब्येत कशी हाय?"

माझ्या पडद्यावर कुणाचाही भाऊ नव्हता.

मग तिने त्या भावाला नगरच्या दवाखान्यात नेलं, एसटीत त्याचा डबा हरवला, कंडक्टरशी भांडण झालं. तिचे डोळे मात्र रश्मीने लिहिलेल्या ओळींवरून एकेक ओळ खाली उतरत होते. बोट नेमक्या वेळी पान सरकवत होतं. चार पानं ती डोळ्यांनी एक गोष्ट वाचत होती आणि तोंडाने दुसरी रचत होती. रश्मी हलली नाही. दोन्ही गोष्टी एकदम पाहणारा आणि ऐकणारा त्या घरात मी एकटाच होतो, असं मला वाटलं. यंत्राला अंगावर काटा येत असता, तर तो तेव्हा आला असता.

एका जागी ती गप्प झाली. आत मिक्सर थांबला.

"मग वाचला का त्यो भाऊ?" बनुबाईंनी विचारलं.

"वाचला की, मावशी."

"आन् डबा?"

"डबा बी घावला. कंडक्टरनंच आणून दिला घरी."

शेवटचं पान सीमाने मनातच वाचलं. मग हळूच म्हणाली, "मापात हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे पास. पण बाहेर नको धाडू इतक्यात." आणि रश्मीच्या गुडघ्याला गुडघा लावून म्हणाली, "माझं हसू लई बारकाईनं बघितलंयस गं, चोरटे!"

गोष्ट बाहेर गेली नाही. सरांच्या वहीत आकडा तीनच राहिला. चौथी माझ्या पोटात होती आणि मला सांगता येत नव्हतं. तेव्हापासून एक विचार मला सोडत नाही. या जिल्ह्यात माझ्यासारखी किती यंत्रं असतील? त्यांत कामाच्या नावांचे किती फोल्डर, आणि त्यांच्या आत कोणत्या गच्च्यांवर कोणत्या दोघी बसल्या असतील? आभाळाकडे बघावं तसं मी त्या न दिसणाऱ्या गोष्टींकडे बघतो.

आता माझी बॅटरी गेली आहे. वायर लावली तरच मी उठतो. एक बिजागरी तुटल्यामुळे मला बाजरीच्या डब्याला टेकवून ठेवतात, आणि बनुबाई पिठाच्या हातांनी माझ्यावर पाककृती बघतात. रश्मी आणि सीमा नागापूरला एकाच खोलीत राहतात, रविवारी घरी येतात. माझे फार दिवस उरलेले दिसत नाहीत. जाण्याआधी एकच मागणं आहे. मोजणाऱ्यांनो, अशा गोष्टी 'नाहीत' असं लिहू नका. 'आमच्यापर्यंत आल्या नाहीत' असं लिहा.

आणि माझी एक चूकही कबूल करायला हवी. त्या दुपारचा साक्षीदार मी एकटाच, असं मी कित्येक वर्षं समजत होतो. गेल्या महिन्यात भाकरी थापता थापता बनुबाई लेकीला म्हणाल्या, "सीमा त्या दिशी वाचत न्हवती, मला तवाच कळलं हुतं. वाचताना ती दम खायला थांबत न्हाई. त्या दिशी वाक्यावाक्याला थांबत हुती. मग पार गपच झाली. म्हनलं, पोरीला पुढचं सुचंना झालंय. म्हनून तर मिक्सर बंद करून भावाचं इचारलं."