जयवंताच्या अंगातले प्रथिन

मित्रांनो, ‘डाळ खा, प्रथिने मिळतात’ म्हणून तुमच्या आया तुमच्या मागे लागतात ना, त्याच गोतावळ्यातला मी. मी एक जुने प्रथिन आहे, पण डाळीतले नव्हे, माणसाच्या पेशीत घडलेले. जुने म्हणजे किती? माणूस माणूस झाला त्याच्या कितीतरी आधीपासून आमचे घराणे चालत आले आहे.

माझे काम समजायला सोपे आहे. पेशीच्या गाभ्यात शरीराच्या सगळ्या कृती लिहून ठेवलेल्या असतात, त्यांना जनुके म्हणतात. त्यातली ठरावीक पाने उघडायची आणि ‘चला, याची नक्कल काढा’ म्हणून कामकऱ्यांना हलवायचे, एवढेच मी करतो. एरवी मी ऐदी जावयासारखा पडून असतो. अंग तापले की मात्र उठतो. एकट्याच्याने पान उघडत नाही. आम्ही तिघे एकमेकांत गुंततो, तेव्हा कुठे जनुकावर पकड बसते. मग नकला निघतात, त्यांवरून मदतनीस प्रथिने बनतात आणि धगीने वेडीवाकडी झालेली बाकीची प्रथिने ती सरळ करतात. ही गोष्ट घडली त्या सुमारास विद्वानांना माझी नुकती कुठे चाहूल लागली होती. विक्रोळीत तर मला कुत्रेही विचारत नव्हते.

मी राहत होतो जयवंताच्या अंगात. जयवंत मालवणकडचा. बाप गिरणीत होता, हा विक्रोळीच्या एका कारखान्यात भट्टीवर लागला. रोज आठ तास वितळलेल्या लोखंडासमोर! पण रोजच्या धगीला त्याचे अंग सरावले होते. घाम वेळेवर सुटायचा, माझे मदतनीस कायम तयार असायचे. बारा वर्षे मी ही चाकरी इमानाने केली.

खरे सांगू? मला जयवंताचा राग यायचा. शनिवारी दुपारी तो ढोसून यायचा आणि भट्टीसमोर झोकांड्या खायचा. मग सोबती त्याला मागच्या कोंदट खोलीत आडवा करायचे आणि अंगावर रिकामी पोती टाकायचे. फोरमनला दिसला तर नोकरी गेलीच. याला ते ‘पोत्यात घालणे’ म्हणत. आज तू माझ्यावर पोती टाक, उद्या मी तुझ्यावर टाकतो, असा तो शेजारधर्म होता.

शहाऐंशी साली जयवंत शिमग्याला तीन आठवडे गावी गेला. त्याची पाळी भट्टीवरचा सोबती अंबादास याने सांभाळली. हा त्या दोघांचा ठरलेला रिवाज होता. शिमग्याला अंबादासने राबायचे आणि चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, त्याची पाळी जयवंताने करायची. गावी जयवंताने देवाच्या पालखीपुढे गाऱ्हाणे घातले आणि दारू सोडली. परत आल्यावर हे त्याने एकट्या नलिनीला, आपल्या बायकोला सांगितले.

“दादूभाऊजींना सांगितलंत? अंबादासभाऊजींना?” तिने विचारले. दादूही त्याचा भट्टीवरचाच सोबती.

“सांगलंय तर महिनोभर माजी मस्करी करतले. वरीस जाऊंदे, मगे सांगतंय.”

नलिनी हसली. बारा वर्षांत मी तिला असे हसताना पाहिले नव्हते.

दुसऱ्याच दिवशी चौदा तारीख होती. आपली पाळी आणि लगेच अंबादासची, असे सोळा तास भट्टीवर काढायचे होते. मित्रांनो, तीन आठवड्यांत अंग धगीची सवय विसरते. ती पुन्हा रोज थोडी थोडी लावावी लागते. हे मला ठाऊक होते, पण मला कोण विचारतो!

तीनच्या सुमारास त्याचे डोके ठणकू लागले. मी उठलो, आम्ही तिघे तिघे गुंतलो, पाने उघडली. पण नकला काढून मदतनीस तयार व्हायला वेळ लागतो आणि भट्टी वेळ देत नाही. चारला जयवंताचा तोल गेला.

“पालखी इली,” तो बरळला. “दादू, पालखी इली रे…”

दादू खो खो हसला. “वाट लागली! याचा शिमगा अजून उतरला नाय. श्यामकांत येतोय राउंडला. चला रे, पोत्यात घाला याला!”

श्यामकांत म्हणजे फोरमन. दोघांनी जयवंताला उचलले आणि त्या खोलीत चार पोत्यांखाली झाकले. प्रेमाने झाकले हो, तेच तर मला सहन होत नाही. श्यामकांतने विचारले तेव्हा दादू म्हणाला, “लघवीला गेलाय, साहेब.” आत पोत्यांखाली अंग करपत होते. मी हजारो ठिकाणी झटत होतो, आणि शेवटी मदतनीसच वेडेवाकडे होऊ लागले.

सहा वाजता अंबादास जयंतीच्या मिरवणुकीतून थेट आला, जयवंतासाठी बुंदीचा पुडा घेऊन. दादूने डोळा मारून खोली दाखवली. अंबादासने पोती उचलली, वाकला, आणि तसाच थांबला.

“दादू, इकडं ये. याच्या तोंडाला वास कुठंय रे?”

“असं कसं यार…”

“हात लाव अंगाला. लाव म्हणतो ना!”

मग बादल्यांवर बादल्या ओतल्या. उशीर झाला होता. दवाखान्याच्या वाटेवरच जयवंत गेला.

कारखान्याने लिहिले, ‘दारूच्या नशेत, स्वतःच्या चुकीने.’ नलिनीकडून खरे कळल्यावर अंबादास साहेबाकडे भांडायला गेला. “तू त्या दिवशी हजर होतास का?” एवढेच साहेबाने विचारले. हजर दादू होता. पण खरे सांगायचे तर पोतीही सांगावी लागली असती आणि नोकरी गेली असती. दादू गप्प बसला. आजही नलिनी दिसली की तो रस्ता बदलतो.

माणूस गेला की त्याच्या अंगातले प्रथिनही संपते. पण माझी कृती, म्हणजे माझे जनुक, जयवंताने आपल्या लेकीला, सुलक्षणाला दिली होती. तिच्या अंगात मी आहे, म्हणून हे बोलतो आहे. शाळेत तिला ‘बेवड्याची पोर’ म्हणतात. तेव्हा तिचे कान तापतात, आणि त्या तापावर माझ्याकडे औषध नाही.

मित्रांनो, धगीत राबणारा माणूस झोकांड्या खाताना दिसला तर हसू नका, झाकू नका. आधी अंगाला हात लावून पाहा. तापले असेल तर त्याला सावलीत न्या आणि पाणी ओता. मी आत झटत असेनच. पण बादली उचलायला मला हात नाहीत.