घंटेआधीची मेंढी

“पोटावरचा हात काढ आधी, चहा सांडशील,” मी म्हटलं. केल्विननं हात काढला आणि घोटभर चहा पिऊन पुन्हा तिथंच ठेवला. बेंबीच्या जरा वर. तिथली धमनी फुगली आहे, आणि नवऱ्याला तिच्या ठोक्यांचा नादच लागलाय.

डब्बो गावच्या डॉक्टरीणबाईंनी मंगळवारी सांगितलं होतं, “पाच पूर्णांक तीन सेंटिमीटर. साडेपाच सेंटिमीटर झाली की ऑपरेशन करावंच लागतं. तोवर तपासत राहू, नाहीतर आत्ताच करू. धोका दोन्हीत आहे. शुक्रवारी दुपारपर्यंत कळवा. आणि मेंढ्या ओढणं बंद!”

आज शुक्रवार, आणि हा गडी मेंढ्यांच्या कातरणीला हजर! टोळीत एक माणूस कमी कसा पडू द्यायचा, म्हणे. याच्या भावाची हीच धमनी फुटली. कपडे वाळत घालता घालता गेला बिचारा.

“तपासत राहू, बेव्ह. पोट फाडून घ्यायची भीती वाटते मला.”

“आणि मला वाट बघायची वाटते, त्याचं काय?”

तो उठून शेडमध्ये गेला. मी टोळीचा स्वयंपाक करते. मटण चुलीवर होतं, पण माझं लक्ष कुठलं लागतंय.

बाराला पाच मिनिटं असताना मी शेडच्या दारात जाऊन उभी राहिले. बाराला जेवणाची घंटा होते. तिच्याआधी मेंढी धरली, तर ती घंटेनंतरही पुरी कातरता येते आणि तिचेही पैसे मिळतात. चाळीस वर्षं केल्विननं घड्याळावर डोळा ठेवून ती एक जास्तीची मेंढी साधलीय.

एक मिनिट उरलं. त्यानं कातरलेली मेंढी सोडली आणि कोंडवाड्याचं दार ढकललं. आत एक दांडगा मेंढा पाय आपटत होता. केल्विनचा हात पोटावर गेला. मी दारातून एक पाऊल आत टाकलं.

“धर की, म्हाताऱ्या! वेळ चाललीय!” शेजारी कातरणारा ट्रेव्हर खिदळला.

घंटा झाली. कातरयंत्रं एकेक करून थांबली. केल्विन रिकाम्या हातांनी कोंडवाड्याच्या दारातच उभा होता. ट्रेव्हरचं हसू विरलं.

“बेव्ह, फोन लाव त्या डॉक्टरीणबाईला. आत्ताच करून टाका म्हणावं.”

“घाबरलायस?”

“खूप.”

मी फोन लावेपर्यंत त्यानं आपलं कातरयंत्र पुसून फडक्यात गुंडाळलं आणि कोंडवाड्याच्या दाराची कडी हळूच लावली. मेंढा आत लोकरीसकट तसाच उभा होता.