मैदानावरचं पाणी

१९८१ साली वाशीतल्या आमच्या शाळेचं मैदान मधूनमधून आपोआप ओलं व्हायचं. पाऊस नाही, काही नाही. सकाळी यावं तर सगळा चिखल. मुख्याध्यापक कर्णिक सरांनी निदान केव्हाच करून टाकलं होतं : पाईप फुटलाय. तशी तीन पत्रं त्यांनी वरच्या कार्यालयात पाठवली होती आणि तिन्हींच्या प्रती फाइलला नीट लावल्या होत्या.

त्या वर्षी आम्हाला, म्हणजे सातवी ब ला, विज्ञान शिकवायला वैजयंतीबाई आल्या. त्यांना एक खोड होती. प्रश्न विचारला की उत्तर फळ्यावर लिहून द्यायच्या नाहीत, "तुला काय वाटतं?" असं उलट विचारायच्या. आमची पंचाईत व्हायची. शाळेत आम्हाला काही वाटायची सवयच नव्हती.

एकदा जयप्रकाशने, निव्वळ तास खायच्या हेतूने, विचारलं, "बाई, मैदान ओलं का होतं?"

"मलाही पाईपच वाटतो," बाई म्हणाल्या. "पण खात्री कशी करायची?"

मग मागच्या बाकावरची नंदिनी उठली. ती खाडीकाठच्या गावातून यायची, बोलायची कमी. ती सरळ बाहेर गेली, डबक्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि परत आली.

"बाई, खारट हाय. नळाचं पानी खारट नसतं."

बाईंनी आधी तिला चूळ भरायला पाठवलं. मग म्हणाल्या, "माझं चुकलं." असं म्हणणारे शिक्षक आम्ही पाहिले नव्हते. मधल्या सुट्टीत जयप्रकाश ही बातमी शेजारच्या वर्गात देऊन आला.

नंदिनीला कारणही ठाऊक होतं. "पुनवेला न् अवसेला उधान येतं. मंग नाल्यातून पानी आत शिरतं. माजे बाबा सांगतात."

"बाबांचं बरोबर असेल," बाई म्हणाल्या, "तरी आपण महिनाभर बघू."

नंदिनीला ते जरा लागलं. तरी रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मैदानाच्या भिंतीवर, पाणी चढलं असेल तिथे, खडूची खूण तीच करायची. वहीत तारीख, पाणी किती, शेजारी कॅलेंडरातली तिथी. महिना संपला तेव्हा पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या खुणा उंच होत्या आणि मधल्या दिवसांत भिंत कोरडी. बाबा पास झाले.

त्याच आठवड्यात सूचना लागली : क्रीडादिन, शनिवार, १२ डिसेंबर. आदल्या दिवशी पौर्णिमा. आम्ही वही घेऊन सरांच्या खोलीत गेलो.

"पाईपचं पत्र गेलेलं आहे," सर म्हणाले.

"सर, तुमी चाखून बघा," नंदिनी म्हणाली.

सरांनी फाइलकडे पाहिलं, मग वहीकडे. अमावास्या नुकतीच होऊन गेली होती, डबकी ताजी होती. सर मैदानात आले, इकडेतिकडे पाहिलं, वाकले आणि करंगळी जिभेला लावली.

"हं," ते म्हणाले. रुमाल काढून करंगळी पुसली. शेवटी विचारलं, "मग खेळ कधी घ्यावेत?"

"एकोणीस तारखेला."

"का?"

आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. त्यांनी एकेकाला बोलायला लावलं आणि दोनदा मुद्दाम अडवून पाहिलं. दुसऱ्या दिवशी नवी सूचना लागली : 'काही अपरिहार्य कारणास्तव' क्रीडादिन एकोणीसला. त्या कारणांत आमचं नाव नव्हतं, म्हणून जयप्रकाश दिवसभर फुगून बसला.

पण आमची खरी परीक्षा बारा तारखेलाच होती. मैदान कोरडं निघालं असतं तर? त्या सकाळी कुणी न सांगता सातवी ब शाळेत लवकर पोचली. वैजयंतीबाई आधीच येऊन पायरीवर वह्या तपासत बसल्या होत्या, किंवा तसं दाखवत होत्या.

आणि मैदानात, घोट्यापर्यंत चिखलात, पॅन्ट दुमडून कर्णिक सर उभे होते. हातात लाकडी पट्टी.

"पाणी चार इंच चढलेलं दिसतंय," ते भिंतीपाशी वाकून म्हणाले.

नंदिनीने वाकून पाहिलं. "साडेतीन, सर. तुमी पट्टी तिरकी धरलीय."

सरांनी पट्टी सरळ धरली, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "साडेतीन. लिहा वहीत."