घरचा कापूस

हसू नको वैष्णवे. पिंजाऱ्याचीच पोरगी आहे मी, अन् रजई माझीच अशी, एका अंगाला सगळा कापूस गोळा अन् दुसऱ्या अंगाला नुसतं कापड. रात्रभर मी त्या कापडाच्याच अंगाला होते, मला काय माहीत नाही? ओढू नको फक्त, टाके तुटतील. बस इथं. आपली मॅच बाराला आहे, सांगते. कशिश, तू पण सरक इकडे.

अब्बूंना तुम्ही ओळखताच. केनवडचे फय्याजभाई, टेम्पोत पिंजायची मशीन घेऊन फिरतात. त्यांचा सगळा धंदा थंडीचा. दिवाळी झाली की आज अनसिंग, उद्या किन्हीराजा, संक्रांतीपर्यंत घरात टिकत नाहीत. लोक जुन्या गाद्या फाडून कापूस देतात, तो पिंजायचा अन् परत त्यांनाच भरून द्यायचा. अन् या धंद्यात एकच गोष्ट असते बघ, ज्याचा कापूस त्यालाच गेला पाहिजे. पिंजल्यावर कापूस सगळा सारखाच दिसतो, त्याच्यावर काही नाव लिहिलेलं नसतं. म्हणून प्रत्येक गाठोड्याच्या गाठीत चिठ्ठी खोचायची, नाव अन् गाव. चिठ्ठ्या मी लिहायची. पिंजायचं अन् भरायचं अब्बूंनी. अन् रजईचे टाके अम्मीचे. अब्बूंनी जन्मात कधी टाका घातला नव्हता, सुई हातात दिली तर अम्मी हसायची, म्हणायची, हा माणूस सुईत दोरा नाही, दोऱ्यात सुई ओवतो.

अम्मी भादव्यात गेली, तुम्ही आलाच होता तेव्हा. चाळिसावा झाल्यावर फुफीनं, अब्बूंच्या बहिणीनं, तिची गादी उसवली, कापूस चादरीत बांधला अन् पलंगावर ठेवून दिला. म्हणाली, आता पुढं काय करायचं ते तुम्ही ठरवा. आम्ही काहीच ठरवलं नाही. तेवढ्यात थंडी लागली अन् मग वेळच नव्हता, म्हणजे खरंच नव्हता. आपली खो-खोची आधी तालुक्याची मॅच, मग जिल्ह्याची. माझा भाऊ मुबश्शिर नववीत, त्याची उंच उडी. पहाटे पाचला तो ग्राउंडवर, साडेपाचला मी, सहाला अब्बूंची गाडी. तीन डबे, भाजी एकच. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं, अन् चांगलं चाललं होतं. मला रडू आलं नाही. चाळिसाव्यालाही आलं नाही. मॅडम तर म्हणाल्या, जोया, यंदा तुझा खेळ सुधारला.

अब्बू त्या पलंगाकडे बघत नव्हते. पाण्याचा माठ तिकडच्याच कोपऱ्यात आहे, तर जाता-येता भिंतीकडे बघत जायचे.

मग वाशिमची जिल्ह्याची मॅच आली. त्याच्या आदल्या दिवशी काय झालं, किन्हीराजाला अब्बूंच्या मशीनची मोटर जळाली. लोकांनी गाद्या फाडून ठेवलेल्या, तर ती सहा गाठोडी घेऊन ते घरी आले. नावं सांगितली, मी चिठ्ठ्या खोचल्या, वहीत पण लिहिली. उंदरांच्या भीतीनं गाठोडी पलंगावर रचली. अम्मीच्या गादीच्या शेजारी. दुसरीकडं जागाच नव्हती.

सकाळी मी गेले वाशिमला. मुबश्शिरला प्रॅक्टिसला गादी पाहिजे होती, उडी मारल्यावर पाठीवर पडायला. शाळेत एकच मॅट, तिच्यावर मोठ्या पोरांचा कब्जा. त्यानं पलंगावरचं सगळ्यात मोठं गाठोडं उचललं अन् मागच्या अंगणात नेऊन टाकलं. दोन दिवसांनी ठेवू परत म्हटलं असेल, विसरला. दुपारी अब्बू मोटर दुरुस्त करून आले. घरात कोणी नाही. वहीत नावं सहा, पलंगावर गाठोडी सहा, म्हणजे अम्मीची गादी कोणीतरी हलवली. टाकली गाडीत अन् गेले किन्हीराजाला.

समजलं ना तुम्हाला. पाच गाठोड्यांना चिठ्ठ्या होत्या. सहाव्याला नव्हती. वहीत एकच नाव उरलं होतं, शालिग्राम. चिठ्ठी पडली असेल कुठंतरी, असं वाटलं त्यांना. सोडलं, पिंजलं, गादी भरली, शालिग्रामकाकाच्या घरी पोचती केली.

मी रात्री जिंकून आले तर पलंग रिकामा. मला वाटलं, अब्बूंनी उचलली गादी. बरं झालं, म्हटलं. अब्बू दोन दिवसांनी आले, भिंतीकडे बघतच माठाकडे गेले. त्यांना वाटलं, मी उचलली. आम्ही त्या पलंगावर खेळाच्या बॅगा ठेवायला लागलो, बूट ठेवायला लागलो. आठ दिवस.

मग इथल्या स्पर्धेचं, अमरावतीचं पत्र आलं, खेळाडूंनी अंथरूण-पांघरूण सोबत आणावे. पिंजाऱ्याच्या घरात स्वतःची धड रजई नसते बाप्पा, जरा चांगली झाली की गिऱ्हाईक घेऊन जातं. म्हटलं, मागं मुबश्शिर ज्याच्यावर उड्या मारतो तो कापूस कोणाचा आहे बघू, घरचाच असेल तर त्याची रजई करून घेऊ. गेले. गाठोडं पार चपटं झालेलं, त्याच्यावर पायांचे ठसे. गाठ सोडली तर आत चिठ्ठी. माझंच अक्षर. शालिग्राम, किन्हीराजा.

मी तिथंच उभी राहिले. काही वाटत नव्हतं, फक्त कोण कुठं गेलं ते मनात लावत होते, आपण बाद झालेल्या खेळाडूंची नावं मोजतो तसं.

अब्बू परवा घरीच होते, गाडी धूत होते. त्यांना सांगावं की नाही, हाच प्रश्न. नाही सांगितलं असतं तर त्यांना कधीच समजलं नसतं. पण शालिग्रामकाकाचा कापूस आमच्याकडे होता. ज्याचा त्याला, हे त्यांनीच शिकवलं ना.

म्हटलं, "अब्बू, शालिग्रामकाकाचं गाठोडं इथंच हाय."

"त्याईचं तं मी भरून देल्लं."

"मंग ते कोणाचं होतं?"

त्यांनी पाइप खाली ठेवला. नळ बंद केला. घरात गेले अन् पलंगाकडे पाहिलं, भादव्यानंतर पहिल्यांदा सरळ पाहिलं. म्हणाले, "मले वाटलं तू उचलली."

"मले वाटलं तुमी."

दारातून मुबश्शिर म्हणाला, "मले वाटलं तुमी दोघायनं."

मला वाटलं अब्बू त्याला मारतील. त्यांनी त्याच्या डोक्यावर ओला हात ठेवला अन् म्हणाले, गाठोडं गाडीत टाक.

मालेगाववरून गेलो, तासभर लागला. शालिग्रामकाका ओसरीत तूर निवडत बसले होते, त्यांची बायको पंचफुलाकाकू चुलीपाशी. चहा ठेवते म्हणाली, अब्बू नको म्हणाले, ती म्हणाली, मशीनवाले नको म्हणतात तेव्हा दोन कप पेतात. अब्बू हसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "भाऊ, तुमचा कापूस माह्याजवळच राह्यला. तुमच्या घरी आला तो माह्या घरचा हाय."

शालिग्रामकाका म्हणाले, त्यात काय एवढं, कापूस तो कापूस, तो तुझ्याजवळ ठेव अन् हा आमच्याजवळ, दोन किलो इकडं-तिकडं झाला तरी आमी काय पोलिसात जाऊन नाही राह्यलो.

इथंच संपलं असतं. चहा पिऊन निघालो असतो. पण अब्बू गेले नाहीत.

"भाऊ, ते माह्या बायकोची गादी होती. ते भादव्यात वारली."

काकूच्या हातातली चहाची पातेली तशीच राहिली. मेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत ना त्यांच्यात, अन् ती आठ दिवस त्याच्यावर झोपली होती. मला वाटलं आता बोलणार ती आम्हाला. ती आत गेली. गादी उचलून आणली, वरची चादर काढलेली, घडी घातलेली. अब्बूंच्या समोर ठेवली अन् म्हणाली, "लय झोप लागे भाऊ मले याच्यावर. तुमी सांगतलं नसतं तं मले समजलं नसतं."

अब्बू म्हणाले, "मले बी नाही समजलं."

बस, एवढंच. मशीनवर उभं राहून मुठी-मुठीनं तो कापूस त्यांनीच टाकला होता गं. किन्हीराजात लोक सांगतात, फय्याजभाई डोळे मिटून सांगतो कापूस कोणत्या रानाचा. तीस वर्षं हातात कापूस, अन् तो हाच, हे त्यांना समजलं नाही.

मग त्यांनी आधी शालिग्रामकाकाचा कापूस त्यांच्यासमोर पिंजला, नव्या खोळीत गादी भरली, तोंड शिवून दिलं. तोंड शिवणं निराळं, ते दाभणानं होतं. काकू पैसे आणायला उठली तर हातानंच बसवलं तिला. नंतर आमचा कापूस काढला. त्यात हात घालून जरा वेळ बसले. कापूसच होता. गाडीतून लाल खोळ काढली अन् मला विचारलं, "अमरावतीले थंडी लय असते?"

खोळीत कापूस पसरला, तिथंच त्यांच्या अंगणात. पंचफुलाकाकू म्हणाली, द्या इकडं, टाके मी घालते, तुमच्यानं होणार नाही. अब्बूंनी मान हलवली. दोरा ओवायला त्यांना इतका वेळ लागला की काकूनं तोंड फिरवलं. मग घातले टाके, हे असे, वीत-वीत लांब, एक इकडं, एक तिकडं. अम्मी मधून सुरू करायची, यांनी काठावरून केले, म्हणून कापूस सरकत गेला. काकूनं दोन टोकं धरून ठेवली होती, शेवटपर्यंत सोडली नाहीत. मुबश्शिर उभा राहून नुसता बघत होता. चहा थंड झाला तो तसाच पिलो आम्ही.

आता सकाळी अब्बूंचा फोन आला, मानोऱ्याहून, मागं मशीनचा आवाज. मॅच किती वाजता, बारा. जेवली का, हो. मुबश्शिरची कधी, सोमवारी. मग म्हणाले, "रजई गरम हाय ना?"

"लय गरम हाय," म्हटलं.

चला, मॅडम हात करताहेत. वैष्णवी, तू ती दोन टोकं धर, मी ही धरते. झटकायची नाही. आहे तसाच राहू दे कापूस.